खाडीपाशी थांबणारा रस्ता

कोकणच्या किनाऱ्याने जाणारा रस्ता नकाशावर पाहिला, तर तो एक रस्ता आहे असे वाटतच नाही. उत्तरेस रेवसपासून दक्षिणेस रेडीपर्यंत सुमारे ५०० किलोमीटरची ही रेघ आहे. पण ती सलग नाही. मधूनमधून ती पाण्यापाशी येऊन थांबते आणि पलीकडच्या काठावरून पुन्हा सुरू होते. कुंडलिका, सावित्री, जोग, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, वाघोटण, गड, कर्ली, तेरेखोल या साऱ्या नद्या लांबीने लहान. सह्याद्रीतून निघून एकदोन दिवसांच्या चालीत समुद्राला मिळणाऱ्या. परंतु मिळण्यापूर्वी त्यांच्या मुखातून भरतीचे पाणी मैलोगणती आत शिरते, दोन्ही काठांवर खाजणे पसरतात, तिवरांची दाटी होते, आणि ओढ्यासारखी भासणारी नदी अचानक एखाद्या सरोवराएवढी रुंद होऊन बसते. तिला मग कोणी नदी म्हणत नाही. ती खाडी होते. काही खाड्यांवर पूल झाले, काहींवर नाहीत. मुंबईहून गोव्याकडे जाणारा मोठा रस्ता या अडचणीत पडलाच नाही. पूर्वी ज्याचा क्रमांक १७ होता आणि आता ६६ आहे, तो राष्ट्रीय महामार्ग खाड्या जिथे अरुंद होतात तिथून, आतल्या वलाटीतून गेला. १९९८ मध्ये पुरी झालेली कोकण रेल्वेही समुद्रापासून अंतर राखूनच धावते. खलाटीचा, म्हणजे समुद्रालगतच्या पट्टीचा रस्ता मागे राहिला. खाड्यांनी त्याचे तुकडे केले, आणि या तुकड्यांनीच त्याची शांतता राखली.

या रस्त्यावरून मी वर्षानुवर्षे सायकलने जात आलो आहे. एका दमात सारा किनारा मी कधी केला नाही. करावा असेही वाटले नाही. कधी श्रीवर्धनहून दाभोळपर्यंत, कधी गुहागरहून रत्नागिरी, कधी पावसहून विजयदुर्ग, कधी देवगडहून शिरोडे, असा तो मी तुकड्यातुकड्यांनीच ओळखतो. रस्ताच मुळात तुकड्यांचा असल्याने त्यात काही उणे वाटत नाही.

मोटारीतून जाणाऱ्याला हा प्रदेश चढउतारांचा वाटतो. सायकलस्वाराला तो एका नियमाने बांधलेला दिसतो. खाडीच्या पातळीवर माडांची आणि पोफळींची आगरे, चिऱ्यांचे गडगे, कौलारू घरे, देऊळ. तिथून रस्ता नागमोडी घाटीने वर चढतो. शंभर-सव्वाशे मीटर चढून गेल्यावर झाडी एकाएकी संपते आणि सडा लागतो. जांभ्या दगडाचा हा उघडा कातळ मैल-दोन मैल सपाट पसरलेला असतो. उन्हाळ्यात काळवंडलेला, भाजून निघालेला, आणि श्रावण-भाद्रपदात बोटभर उंचीच्या निळ्यापिवळ्या फुलांनी झाकलेला. सडा संपतो तिथे खाली पुढची खाडी दिसते. मग उतार, पुन्हा आगर, पुन्हा पाणी. दिवसातून तीनचार वेळा ही आवृत्ती होते. चढावर पायडल जड होत जाते, बोलण्याइतका श्वास उरत नाही, आणि नेमके तेव्हाच कान उघडतात. मुरमावर टायर घासल्याचा आवाज, चेनची लय, गडग्याआड कोणीतरी नारळ सोलत असल्याचा ठोका, कुठल्यातरी घरातला रेडिओ. एवढे सारे ऐकू येते म्हणूनच आपण त्याला शांतता म्हणतो.

सड्यावरची शांतता मात्र वेगळी. तिथे वाऱ्याशिवाय काही नसते. पूर्णगडची मुचकुंदी ओलांडून राजापूरच्या बाजूला जाताना कशेळीच्या आसपास असे सडे लागतात. पुष्कळ वर्षे मी ते केवळ ओसाड कातळ म्हणूनच ओलांडले. पुढे रत्नागिरी-राजापूर परिसरातल्या अशाच सड्यांवर, पायाखालच्या कातळात, शेकडो आकृती कोरलेल्या असल्याचे उजेडात आले. कशेळीच्या सड्यावर एक प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या बाह्यरेषेच्या आत मासे, पक्षी, प्राणी यांची गर्दी आहे. कोणी कोरले, कशासाठी कोरले, याची उत्तरे अभ्यासक शोधत आहेत. २०२२ मध्ये कोकणातील ही कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. मला मात्र त्या हत्तीपेक्षा स्वतःच्या नजरेचे नवल वाटले. ज्या जागेला मी रिकामी समजत होतो, ती कोणाच्या तरी हाताने भरलेली होती. शांत रस्त्याविषयी विचार करताना हा हत्ती मला पुन:पुन्हा आठवतो.

खाडी आली की सायकल थांबते. बागमांडल्याहून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला आता सपाट तळाच्या फेरीबोटी आहेत. त्या पुढची झडप धक्क्यावर टेकवतात आणि मोटारी, दुचाकी, माणसे, कोंबड्यांच्या पाट्या एकाच फळीवरून आत घेतात. दाभोळची बोट २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी होड्या होत्या. सायकल आडवी करून होडीत ठेवायची, पुढचे चाक पाण्यावर लोंबत राही. फेरीबोट आल्यामुळे बसायला बाक मिळाला, पण वाट पाहणे संपले नाही. मराठीत ज्या शब्दाने आपण मार्ग सांगतो त्याच शब्दाने प्रतीक्षाही सांगतो. वाट चालणे आणि वाट पाहणे यांत आपल्या भाषेने भेद केला नाही, याचा अर्थ मला तरीवर उभे राहिल्यावर कळला. अर्धा तास, पाऊण तास काठावर बसायचे. पलीकडचे गाव समोर दिसत असते. घरांतून निघणारा धूरही दिसतो. पण पाण्याची इच्छा झाल्याखेरीज तिथे पोचता येत नाही. खुष्कीच्या वाटेने जायचे तर सावित्रीच्या खाडीला आंबेतच्या पुलापर्यंत, वाशिष्ठीला थेट चिपळूणपर्यंत आत जाऊन वळसा घालावा लागतो. सायकलवाल्याचा त्यात दिवस जातो.

या वाट पाहण्यावर मी एके काळी लुब्ध होतो. घाईच्या जगात निसर्गाने राखून ठेवलेला हा सक्तीचा विसावा आहे, असे मी मित्रांना सांगत असे. शहरातून येणाऱ्या माणसाला असे बोलणे शोभून दिसते. त्याला परतीची गाडी असते.

पण ही शांतता काही या किनाऱ्याचा मूळ स्वभाव नव्हे. दाभोळच्या खाडीत पंधराव्या-सोळाव्या शतकांत अरबस्तानची, इराणची जहाजे लागत. रशियन प्रवासी अफानासी निकितीन परतीच्या गलबतात चढला तो याच बंदरात. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले, कारण जाळण्याजोगे तिथे पुष्कळ होते. बाणकोटचा किल्ला इंग्रजांनी १७५६ मध्ये घेतला आणि त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले, तोही मोक्याच्या खाडीसाठीच. त्या काळी रस्ता म्हणजे पाणी होते. आजच्या पिढीच्या आजोबांनाही मुंबईला जायचे ते आगबोटीने. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट जाई. ती लांब उभी राही आणि पडावांतून माणसे, वळकट्या, आंब्याच्या करंड्या तिच्यापर्यंत पोचत. ज्यांना बोट परवडत नसे किंवा ज्यांचे गंतव्य घाटावर असे ते पायी निघत. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे किशोरवयात परीक्षेला बसण्यासाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत गेले. वय लहान दिसते म्हणून तिथे त्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही. पुढे हा मुलगा महर्षी झाला. मुरुडमधून सायकल नेताना मला त्यांच्या थोरवीपेक्षा त्या परतीच्या चालीची आठवण अधिक येते. आपण ज्याला रम्य घाटी म्हणतो ती कोणाच्या तरी पायांनी, निराश मनाने, उतरलेली असते.

समुद्रावरचा मार्ग बंद पडला, आगबोटी थांबल्या, महामार्ग आणि रेल्वे आतून गेली, आणि जी बंदरे देशाच्या तोंडाशी होती ती एकाएकी रस्त्याच्या शेवटी येऊन पडली. किनाऱ्याची शांतता तेव्हा सुरू झाली. ती निसर्गाने दिलेली नाही. दळणवळणाच्या इतिहासाने मागे टाकलेली आहे.

तिचे दुसरे कारण घरांना विचारावे. गुहागर ते हेदवी, किंवा कुणकेश्वर ते मिठबाव, अशा वाटेवर दुपारी जाताना मी कित्येकदा बंद दारे मोजली आहेत. अंगण सारवलेले नाही, तुळशीवृंदावन कोरडे, कौलांवर गवत, पण कुलूप नवे आणि तेलावलेले. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला, ते उघडते. एरवी घरधनी मुंबईत. गिरणगावापासून सुरू झालेली ही रीत गिरण्या गेल्यावरही राहिली. पूर्वी या गावांना मनीऑर्डरवर जगणारी गावे म्हणत. आता मनीऑर्डरची जागा बँकेच्या खात्याने घेतली, एवढाच फरक. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या १७ टक्क्यांहून अधिक वाढली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर उतरली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हे आकडे वाचल्यावर त्या रस्त्यावर मला भेटणाऱ्या माणसांचा क्रम उलगडला. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली बाई, गवताचा भारा आणणारी बाई, एसटीची वाट पाहणारी म्हातारी, शाळेतून येणाऱ्या मुली. मधले, कर्ते पुरुष त्यात फार थोडे. ज्या निर्मनुष्यतेला मी निवांतपणा म्हणत होतो, तिच्यात माणसे नसण्याचे दुःख मिसळलेले होते.

मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात एक विलक्षण प्रथा आहे. तीनचार वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल मिळाला की सारे गाव वेशीबाहेर जाते. गुरे, कुत्री, कोंबड्या यांच्यासह तीन दिवस आणि तीन रात्री लोक सीमेपलीकडे झोपड्या घालून राहतात, भजने करतात, एकत्र रांधतात. पुन्हा कौल झाला की परततात. या रिवाजाला गावपळण म्हणतात. त्या दिवसांत गावात कोणी शिरायचे नसते, म्हणून ओस पडलेले आचरे मी पाहिलेले नाही. मात्र इतर दिवसांत त्या बाजूच्या वाड्यावस्त्यांतून जाताना वाटून गेले, की देवाच्या कौलाने होणारी पळण तीन दिवसांची असते आणि तिला परतीचा कौलही असतो. पोटाच्या कौलाने होणारी पळण मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू राहते. तिथेच एका घाटीवर मी सायकल हाताने ढकलत होतो, तेव्हा पायरीवर बसलेल्या एका आजीने विचारले, "एष्टी चुकली काय रे झिला?" तिच्या प्रश्नात थट्टा नव्हती. गाडी चुकली नसताना एखादा माणूस चढावर सायकल ढकलत जाईल, हे तिच्या हिशेबात बसणारे नव्हते. "नाही, आजी, हौसेने आलोय," असे मी म्हणालो, आणि ते वाक्य उच्चारताना मला स्वतःलाच जरा अवघडल्यासारखे झाले. तिने आत जाऊन कोकमाचे सरबत आणून दिले. हौस हा शब्द तिने बहुधा ऐकून न ऐकल्यासारखा केला.

रिकामेपणाचा गैरसमज एकट्या हौशी प्रवाशाचाच होतो असे नाही. मोठ्या योजना आखणाऱ्यांनाही हा किनारा रिकामा दिसत आला आहे. दाभोळसमोर अंजनवेलच्या बाजूला विजेचा प्रचंड प्रकल्प उभा राहिला. १९९९ मध्ये त्याने वीज द्यायला सुरुवात केली, २००१ मध्ये तो बंद पडला आणि काही वर्षांनी नव्या नावाने पुन्हा सुरू झाला. जयगडला कोळशाची जहाजे लागतात. माडबनच्या सड्यावर अणुऊर्जेसाठी जमीन घेण्यात आली आणि २०१०-११ मध्ये तिथे मोठे आंदोलन झाले. या प्रकल्पांची बरीवाईट बाजू मांडण्याचे हे स्थळ नव्हे. मला एवढेच दिसते, की सायकलवरून जाणारा मी आणि नकाशावर जागा शोधणारा अधिकारी, दोघांनीही त्या सड्याकडे प्रथम पाहिले ते एकाच दृष्टीने. इथे कोणी नाही, हे दोघांचेही पहिले वाक्य होते. त्याला तिथे चिमणी उभी करावीशी वाटली, मला तिथे काहीच उभे राहू नये असे वाटले. जे तिथे होते त्यांना दोघांनीही विचारले नव्हते.

त्यांतल्या एका बाईने, न विचारता, मला एक गोष्ट सांगितली. सावित्रीच्या काठावर वेसवीच्या धक्क्यावर आम्ही दोघेच होतो. बोट पलीकडे होती. साठीच्या पुढच्या त्या मावशी लेकीकडे निघाल्या होत्या. खाडीत अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब दिसत होते. मी काही बोलायचे म्हणून म्हणालो, "मावशी, पूल झाला की ही मजा जाईल." त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग पाण्याकडे. "भाऊ, माझ्या सासूबाईंना रात्री छातीत कळ आली होती," त्या म्हणाल्या. "हे मुंबईला. मी आणि दीर, दोघांनी त्यांना खाली आणले. ओहोटी होती. होडी चिखलात बसलेली. तांडेल म्हणाला, पहाटे पाणी येईल. आम्ही बसलो." बोट निघाल्याचा आवाज आला, तशी त्यांनी पिशवी उचलली. "पाणी आले वेळेवर. सासूबाई राहिल्या नाहीत." आणि जरा थांबून, जणू मी खाडीवर रागावेन अशी भीती वाटून, त्या म्हणाल्या, "खाडीला काय बोल लावायचा? ती तिच्या वेळेलाच येते."

बोटीत आम्ही शेजारी बसलो, पण पुढे त्या विषयावर बोललो नाही. त्यानंतर तरीवरच्या प्रतीक्षेची स्तुती करणे मला जमले नाही. माझ्या वाट पाहण्यात आणि त्यांच्या वाट पाहण्यात तोच काठ होता, तेच पाणी होते. पण मी दृश्यासाठी थांबलो होतो आणि त्या जिवासाठी थांबल्या होत्या. शांत रस्त्याचे मूल्य सांगणाऱ्याने आधी या रात्रीचा हिशेब दिला पाहिजे.

किनाऱ्यालगत सलग रस्ता व्हावा ही कल्पना जुनी आहे. १९८० ते १९८२ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असलेले बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या नावाशी ती जोडली जाते. ते मूळचे सावित्रीकाठच्या आंबेतचे, म्हणजे खाडी म्हणजे काय हे जन्माने जाणणारे. चार दशके ही कल्पना कधी पुढे सरकली, कधी एखाद्या खांबाशी अडली. गेल्या काही वर्षांत उरलेल्या मोठ्या खाड्यांवरच्या पुलांची कामे हाती घेण्यात आली आहेत. ती पुरी होतील आणि व्हावीत. ज्या गावांना रुग्णालय पाण्यापलीकडे आहे, ज्या मुलींचे महाविद्यालय पाण्यापलीकडे आहे, त्यांच्या वाटेत उभे राहून माझ्या शांततेचे गाणे गाण्याचा मला अधिकार नाही. पूल झाला म्हणून कदाचित एखादे कुलूप वर्षातून दोनाऐवजी दहा वेळा उघडेल. तेवढ्यासाठी सडकेवर चार गाड्या वाढल्या तर त्या मला चालतील.

परंतु पूल आणि वेग या दोन गोष्टी आपण एकाच वाक्यात बोलू लागलो आहोत, आणि त्या एक नाहीत. पूल दोन काठ जोडतो. वेग रस्त्याच्या दोन बाजू तोडतो. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा आरे-वारेचा रस्ता मी निवांत असताना पाहिला आहे. डोंगराच्या कडेने जाणाऱ्या त्या वाटेवरून खाली दोन पुळणी आणि त्यांच्यामागचे सुरूचे बन दिसे. आता सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते. याची तक्रार मी करत नाही. समुद्र पाहण्याची हौस मोटारवाल्यालाही असतेच. मी पाहिले ते वेगळे. पूर्वी गावातल्या बाया रस्त्याच्या मधून बोलत चालत. आता त्या गटाराच्या काठाने, एकीमागे एक, न बोलता चालतात. कडेला वाळत घातलेली सुकट आणि आमसुले दिसेनाशी झाली. शाळेच्या मुली चढावर सायकली ढकलत तीनतीन जणी बरोबर जात. त्यांच्या सायकली आता घरच्या पडवीत टांगलेल्या दिसतात, कारण घरच्यांना भीती वाटते. शांतता म्हणजे केवळ प्रवाशाच्या कानाचे सुख नव्हे, हे मला त्या रस्त्याने शिकवले. सावकाश जाणाऱ्या माणसाला रस्त्याच्या मधोमध जागा असणे, हा तिचा खरा अर्थ. त्या अर्थाने ती त्या गावांची मिळकत आहे. मी तिचा फार तर पाहुणा.

थोड्याच अंतरावर मालगुंड आहे, केशवसुतांचे जन्मगाव. १९९४ मध्ये तिथे त्यांचे स्मारक झाले. या किनाऱ्याने मराठीला किती कवी आणि कथाकार दिले, याची मोजदाद अभ्यासकांनी केली आहे. मला त्याचे एक साधे कारण दिसते. या वाटांवर माणसे चालत आणि चालताना बोलत, आणि गोष्ट एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ या घाट्या त्यांना देत. दक्षिणेला शिरोड्यात वि. स. खांडेकर १९२० पासून बरीच वर्षे शिक्षक होते. त्याच शिरोड्यात १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना मिठागरांवर संध्याकाळचे ऊन पडते, तेव्हा वाटते, की त्या मिठागरांकडे निघालेले सत्याग्रही आणि शाळेकडे निघालेले मास्तर एकाच चालीने याच वाटेने गेले असतील. कुठल्याही मोठ्या गोष्टीला या रस्त्याची रुंदी कमी पडली नाही.

म्हणून मागणे एवढेच, आणि ते रस्ते बांधणाऱ्यांच्या कोष्टकात बसण्याजोगे आहे. खाडीवर पूल जरूर बांधावा. गावातून जाणारा जुना रस्ता मात्र रुंदीकरणाच्या नावाने कापू नये; गडगे, पाखाड्या, कडेची करंजे आणि उंडीची झाडे त्याच्या अंगाला लागूनच राहू द्यावीत. दूर जाणाऱ्या गाड्यांना महामार्ग आहेच. सड्यावरून नवी सडक नेताना पायाखाली आधी पाहावे, तिथे कोणी काय कोरून ठेवले आहे ते. आणि पुलाच्या एका कडेला, कठड्याच्या आत, चालणाऱ्यांसाठी चार हात जागा राखावी. कोकणात ओढ्यावर टाकलेल्या लहानशा पुलाला साकव म्हणतात. साकवावर दोन माणसे समोरासमोर आली की एकजण थांबून दुसऱ्याला वाट देतो, आणि देताना विचारपूसही होते. शेकडो मीटर लांबीच्या पुलावर एवढा साकव मावायला हरकत नाही.

तो पूल पुरा झाला, की वेसवीच्या काठावर रात्री कोणाला पाण्याची वाट पाहत बसावे लागणार नाही. बाकही कदाचित काढून नेतील. मावशींची लेक पलीकडून तासाभरात येऊन जाईल, आणि तिच्या मुलाला ओहोटीची वेळ पाठ नसेल. तेव्हा मीही त्या चार हातांच्या वाटेवरून सायकल हाताने नेईन, मध्यावर थांबेन, आणि भरतीचे पाणी खांबांना वळसा घालून आत कसे शिरते ते पाहीन. समोरून कोणी मासळीची पाटी घेऊन आली, तर कठड्याला सायकल टेकवून आधी तिला वाट देईन.